घरातील वडीलधाऱ्यांचे पडणे : कारणे आणि प्रतिबंधक उपाय

(शेतकरी मेळाव्यातील महिला व ज्येष्ठ शेतकरी सत्रात दिलेले व्याख्यान)



सकाळच्या सत्रात आपण बीजप्रक्रियेचे महत्त्व ऐकले. रोग आल्यावर फवारणी करण्यापेक्षा पेरणीपूर्वी बियाण्याला औषध चोळणे स्वस्त पडते आणि खात्रीचे असते, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. आज मी जो विषय मांडणार आहे तोही असाच आहे. घरातील म्हातारे माणूस पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते पडू नये म्हणून आधी थोडी काळजी घेणे हे कमी खर्चाचे आणि कमी दुःखाचे आहे.

या मेळाव्यात या विषयाची काय गरज, असे काहींना वाटेल. पण आपल्या शेतीचे चित्र पाहा. मुले नोकरीसाठी शहरात गेली. गावात राहिलेली साठीपुढची माणसेच आज गुरे बघतात, भाजीपाला खुरपतात, पाण्याच्या पाळीला जातात. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील लोकांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती आणि महाराष्ट्रात दर १०० माणसांत जवळजवळ १० माणसे या वयाची होती. तेव्हापासून ही संख्या वाढतच आहे. हे माणूस एकदा अंथरुणाला खिळले की शेतीचे दोन हात कमी होतात आणि त्याच्या सेवेसाठी आणखी दोन हात अडकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि सर्वांत जास्त मृत्यू साठीपुढच्या माणसांचे होतात. पासष्टीच्या पुढच्या दर तीन माणसांपैकी साधारण एक माणूस वर्षातून एकदा तरी पडते. म्हणजे हा विषय एखाद्या घराचा नाही, प्रत्येक घराचा आहे.

माझ्या घरातील अनुभव

मी गृहविज्ञानाची विस्तार कार्यकर्ती. गावोगाव जाऊन निर्धूर चूल, धान्याची साठवण, स्त्रियांचे कष्ट कमी करणारी अवजारे यांवर मी बोलत असे. पण स्वतःच्या माहेरच्या घराकडे मी त्या नजरेने कधी पाहिले नाही.

२०१६ च्या श्रावणात माझी आई रात्री लघवीला उठली. वीज गेलेली होती. माजघर आणि मागची पडवी यांच्यामध्ये चार बोटे उंच दगडी उंबरठा होता. पन्नास वर्षे ती तो ओलांडत आली होती. त्या रात्री पाय अडकला आणि ती कुशीवर पडली. उठता येईना. सकाळी घरच्यांनी गरम तेलाने मालीश केले. मग एका हाडवैद्याला बोलावले. त्याने पाय ओढून पट्टी बांधली. मुरगळले आहे, चार दिवसांत चालतील, असे सांगितले. मला कळून मी पोहोचले तेव्हा नववा दिवस होता. क्ष-किरण तपासणीत खुब्याचे हाड मोडल्याचे दिसले. शस्त्रक्रिया झाली, पण तोवर पाठीला जखमा झाल्या होत्या आणि पायातील ताकद गेली होती. आई त्यानंतर तीन वर्षे जगली. परंतु स्वतःच्या पायांनी ती अंगणात पुन्हा गेली नाही.

दवाखान्यात तिच्याजवळ बसले असताना तिने हळूच सांगितले की, त्या वर्षात ती याआधी दोनदा पडली होती. एकदा अंगणातील शेवाळावरून आणि एकदा गोठ्यात दाव्यात पाय अडकून. दोन्ही वेळा तिने कोणाला सांगितले नाही. का, म्हणून विचारले तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही मला गोठ्यात जाऊ दिलं नसतं."

ही गोष्ट मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. आमच्या घरात जे झाले ते तुमच्या घरात होऊ नये एवढ्यासाठी सांगते. तो उंबरठा आम्ही नंतर काढला. गवंड्याला दोन तास लागले.

माणूस का पडते?

वय झाले म्हणजे पडायचेच, असा आपल्याकडे समज आहे. तो बरोबर नाही. पडण्यामागे कारणे असतात आणि बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त कारणे एकत्र येतात. आईच्या बाबतीत अंधार होता, उंबरठा होता, एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि रक्तदाबाची गोळी चालू होती. यांतील एक कारण जरी दूर केले असते तरी कदाचित ती वाचली असती. ही कारणे तीन गटांत मांडता येतील.

१) शरीरातील कारणे : मांड्या व पोटऱ्यांतील ताकद कमी होणे, तोल सांभाळता न येणे, नजर कमी होणे, मधुमेहामुळे तळपायांना बधिरता येणे, गुडघेदुखी, चक्कर, लघवीची घाई.

२) औषधांमुळे येणारी कारणे : झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या व लघवी वाढविणाऱ्या गोळ्या, साखर एकदम कमी करणारी औषधे. दारूही याच गटात मोडते.

३) घर व शेतातील कारणे : अंधार, ओली फरशी, शेवाळ, उंच-सखल पायऱ्या, उंबरठे, वाटेत पडलेल्या वस्तू, सैल पायताण.

यातील सर्वांत मोठी धोक्याची सूचना म्हणजे याआधीचे पडणे. जे माणूस वर्षात एकदा पडले ते पुन्हा पडण्याची शक्यता बरीच जास्त असते. लागले नाही म्हणून ते पडणे मोजायचे नाही, असे करू नये. किडीचा पहिला पतंग सापळ्यात दिसला की आपण सावध होतो. तसेच पहिल्या पडण्याला सावध व्हावे.

येथे मी वडीलधाऱ्यांना विनंती करते : पडलात तर लपवू नका. आणि मुलांना व सुनांना विनंती करते : त्यांनी सांगितले तर रागावू नका आणि "आता घरात बसा" असे म्हणू नका. ज्या घरात पडल्याची शिक्षा म्हणून माणसाला बसवून ठेवतात, त्या घरात पुढचे पडणे कळतच नाही. शिवाय बसून राहिल्याने पाय आणखी कमजोर होतात, भीती वाढते आणि पडण्याचा धोका कमी होण्याऐवजी वाढतो.

घरच्या घरी तपासणी

आपल्या घरातील माणसाला कितपत धोका आहे हे पाहण्यासाठी दोन सोप्या चाचण्या आहेत. चाचणी घेताना जवळ एक धडधाकट माणूस उभे असावे.

पहिली चाचणी : भिंतीला टेकवून साधी, बिनहाताची खुर्ची ठेवावी. बसायची जागा जमिनीपासून साधारण १७ इंच उंच असावी. दोन्ही हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. ७० ते ७४ वयाच्या स्त्रीला निदान १० वेळा आणि पुरुषाला १२ वेळा उठता आले पाहिजे. त्याहून कमी झाले तर पायातील ताकद कमी आहे असे समजावे.

दुसरी चाचणी : खुर्चीतून उठून १० फूट नेहमीच्या चालीने चालावे, वळावे, परत येऊन बसावे. याला १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असे धरावे. काठी वापरत असल्यास काठी घेऊनच चालावे.

यांत कमी पडल्यास घाबरून जाण्याचे कारण नाही. पुढे सांगितलेले उपाय अशा माणसासाठी जास्त गरजेचे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे हे मात्र खरे.

पायातील ताकद वाढविणे

सर्व उपायांत जास्तीत जास्त खात्रीचा उपाय म्हणजे पायांचा आणि तोलाचा व्यायाम. जगभरातील १०० हून अधिक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळून आले. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने १९९० च्या दशकात म्हाताऱ्या माणसांना घरीच करता येतील अशा व्यायामांचा कार्यक्रम तयार केला. त्याच्या चाचण्यांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी व्यायामशाळा लागली नाही, घरचीच जागा पुरली.

"आम्ही जन्मभर शेतात राबलो, आम्हाला व्यायाम कशाला?" असा प्रश्न येतो. शेतातील कामाने शरीर काटक होते हे खरे. पण वाकून खुरपणे आणि डोक्यावर भारा वाहणे यांनी कंबर-गुडघे झिजतात, तोल सांभाळण्याचा सराव होत नाही. तो वेगळा करावा लागतो. पुढील व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावेत.

१) खुर्चीवरून किंवा बाजेवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, १० वेळा. न जमल्यास आरंभी एका हाताचा आधार घ्यावा.

२) ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून टाचा उचलून चवड्यावर उभे राहणे, १० वेळा. मग चवडे उचलून टाचांवर उभे राहणे, १० वेळा.

३) आधार धरून एका पायावर १० सेकंद उभे राहणे. नंतर दुसऱ्या पायावर.

४) भिंतीच्या कडेने, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावत, सरळ रेषेत १० पावले चालणे.

५) भिंतीकडे तोंड करून बाजूला १० पावले जाणे व परत येणे.

पहिल्या आठवड्यात निम्मेच करावेत आणि सवय होईल तसे वाढवावेत. छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली तर थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. ठिबक एकदा बसविले म्हणून कायमचे चालत नाही, ते धुवावे लागते. तसाच हा व्यायाम चालू ठेवला तरच उपयोगी पडतो. गावातील भजनी मंडळाने किंवा बचत गटाने आठवड्याचे दोन दिवस देवळाच्या सभामंडपात वृद्धांकडून हे व्यायाम करून घेतले तर चांगला पायंडा पडेल. एकट्याने कंटाळा येतो, चौघांत येत नाही.

आहार

दात गेले की म्हातारी माणसे चहात भाकरी कुस्करून खातात आणि जेवण झाले म्हणतात. त्यात पोट भरते, पण स्नायूंना लागणारी प्रथिने मिळत नाहीत. वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. त्यासाठी घट्ट वरण, मऊ शिजवलेली मोड आलेली कडधान्ये, दूध, दही, चालत असल्यास अंडी व मासे द्यावेत. मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. हाडांसाठी नाचणी उत्तम आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीची आंबील किंवा सत्त्व दात नसलेल्यांनाही घेता येते. तिळाची चटणी, राजगिरा, पालेभाज्या यांचाही उपयोग होतो.

ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या व पुड्या मात्र मनाने घेऊ नयेत. जास्त दिले म्हणजे जास्त फायदा असे खतातही नसते आणि औषधातही नसते. ऑस्ट्रेलियातील २०१० सालच्या एका अभ्यासात वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस दिलेल्या वृद्ध स्त्रियांमध्ये पडण्याचे प्रमाण कमी न होता वाढले. कमतरता असल्यास डॉक्टर सांगतील तेवढेच घ्यावे.

औषधे, रक्तदाब आणि डोळे

जी औषधे चालू आहेत ती सर्व एका पिशवीत घालून वर्षातून एकदा तरी डॉक्टरांपुढे ठेवावीत. तालुक्याच्या डॉक्टरांची, गुडघ्याच्या डॉक्टरांची आणि दुकानदाराने दिलेली, अशी सर्व त्यात असावीत. "यातल्या कोणत्या गोळीने तोल जाऊ शकतो?" असे स्पष्ट विचारावे. एकच औषध दोन नावांनी चालू असल्याचे कितीदा तरी आढळून येते. मात्र कोणतीही गोळी मनाने बंद करू नये.

झोपेतून एकदम उठून उभे राहिल्यास रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री आणि पहाटे पडण्याचे हे मोठे कारण आहे. यासाठी उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडून एक-दोन मिनिटे बसावे, पाय दहा-बारा वेळा हलवावेत, मग आधाराने उभे राहावे आणि दहा अंक मोजून पाऊल टाकावे. अशी अंधारी वारंवार येत असल्यास झोपून आणि उभे राहून, असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्यावा. उन्हाळ्यात आणि उपवासाच्या दिवशी पाणी कमी पडू देऊ नये. रात्री उठावे लागू नये म्हणून काही जण दिवसभर पाणीच पीत नाहीत. तसे करू नये. दिवसा भरपूर प्यावे आणि झोपण्यापूर्वी दोन तास कमी करावे.

डोळ्यांची तपासणी दरवर्षी करावी. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याची आता गरज राहिलेली नाही. ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केल्याने वृद्ध स्त्रियांमधील पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. आपल्याकडे १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. जवळचे व लांबचे एकत्र असलेला चष्मा घालून पायऱ्या उतरताना खालच्या भिंगातून पायरी अंधुक दिसते. अशा वेळी मान खाली वाकवून वरच्या भिंगातून पाहावे आणि कठड्याला धरूनच उतरावे.

घरातील सुधारणा

आज घरी गेल्यावर एक काम करा. घरातील वडीलधारे माणूस रात्री अंथरुणावरून उठून मोरीपर्यंत ज्या वाटेने जाते, त्या वाटेने दिवे मालवून एकदा तुम्ही चाला. काय अडते ते तुमच्या पायालाच कळेल. त्यानंतर पुढीलप्रमाणे सुधारणा कराव्यात.

• उजेड : वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवावा. वीज जाते तेथे चार्जिंगचा दिवा किंवा बॅटरी उशाशीच, हाताला लागेल अशी ठेवावी.

• उंबरठे : आतील उंबरठे काढावेत किंवा दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार द्यावा. मुख्य दाराचा उंबरठा पूजेचा असतो, तो काढणे मनाला पटत नसेल तर त्याच्या कडेला पिवळा किंवा पांढरा ऑइलपेंटचा पट्टा ओढावा आणि बाजूच्या चौकटीला धरायला मूठ बसवावी.

• पायऱ्या : सर्व पायऱ्या सारख्या उंचीच्या असाव्यात. नवीन बांधताना पायरीची उंची ६ इंच आणि रुंदी १२ इंच ठेवावी. प्रत्येक पायरीच्या कडेला रंगाचा पट्टा द्यावा. जमिनीपासून साधारण ३ फूट उंचीवर, मुठीत नीट मावेल असा दीड इंच जाडीचा पाइप कठडा म्हणून लावावा.

• मोरी व संडास : घरातील हीच सर्वांत धोक्याची जागा. शहाबादी फरशी दर आठवड्याला घासून शेवाळ व साबणाचा चिकटपणा काढावा. गुळगुळीत टाइल्स बसवू नयेत, खडबडीत घ्याव्यात. न्हाणीत बसण्यासाठी बळकट स्टूल ठेवावे. खाली बसण्याच्या संडासात उठताना धरण्यासाठी भिंतीत पक्का दांडा बसवावा. नळाला किंवा खुंटीला धरून उठण्याची सवय घातक आहे, ती भार सोसत नाही. दार बाहेर उघडणारे असावे. आत माणूस पडले तर आत उघडणारे दार त्याच्या अंगाने अडते. आतून कडी घालू नये, दार नुसते लोटून घ्यावे.

• झोपण्याची जागा : बाज फार खोल किंवा सैल असू नये. बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकावेत. जमिनीवर झोपणाऱ्यांना उठणे जड जात असेल तर खाट द्यावी. रात्री वारंवार उठावे लागत असेल तर खाटेजवळ भांडे ठेवावे, त्यात लाज वाटून घेऊ नये.

• वाट : गोधडीची टोके, पायपुसणी, वायर, नातवंडांची खेळणी वाटेत नसावीत. रोजच्या वापराचे डबे कमरेच्या उंचीवर ठेवावेत, म्हणजे स्टुलावर चढावे लागणार नाही.

• पायताण व कपडे : झिजलेली रबरी स्लीपर टाकून द्यावी. मागे पट्टा असलेली, पातळ व खडबडीत तळाची चप्पल किंवा बूट घ्यावेत. लुगड्याचा सोगा आणि धोतराचा काठ पायात येणार नाही असा खोचावा.

घरातील अशा सुधारणांचा २०२३ मध्ये एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्याचे दिसून आले. आधीच धोका असलेल्या लोकांत हा फायदा अधिक, म्हणजे ३८ टक्के होता.

शेतात व गोठ्यात

वृद्ध शेतकऱ्याला शेतावर जाऊ देऊ नये, असे मी म्हणणार नाही. जाण्यातच त्यांचा जीव असतो आणि पायही त्यामुळेच चालते राहतात. परंतु काही कामे वाटून घ्यावीत.

१) जेथे शेतीपंपाला अजून रात्रीच्या पाळीने वीज मिळते तेथे पाणी धरण्यास वृद्धांनी एकट्याने जाऊ नये. जावे लागल्यास डोक्याला बांधायची बॅटरी, काठी आणि गळ्यात मोबाइल असावा.

२) पावसाळ्यात ओल्या बांधावरून चालणे टाळावे. पाट ओलांडण्यासाठी दोन फूट रुंदीची फरशी टाकावी.

३) ठिबकच्या नळ्या व मोटारीच्या वायरी पायवाटेवर पसरू नयेत.

४) झाडावर, शिडीवर, गंजीवर चढणे साठीनंतर बंद करावे.

५) डोक्यावर भारा व हातात बादली एकाच वेळी घेऊ नये. एक हात मोकळा असावा आणि पाय ठेवण्याची जागा दिसली पाहिजे.

६) गोठ्याची जमीन उताराची व खडबडीत ठेवावी, शेण-मूत्र रोज काढावे. दावी मोकळी लोळू देऊ नयेत. मारकी किंवा नुकतीच व्यालेली जनावरे धडधाकट माणसाने सोडावीत.

काठी

काठी म्हणजे म्हातारपणाची खूण, म्हणून ती टाळली जाते. काठी हे अवजार आहे असे समजावे. चप्पल घालून सरळ उभे राहावे, हात खाली सोडावा. मनगटावरील घडीइतकी काठीची उंची असावी. खाली रबरी बूच बसवावे आणि झिजल्यावर बदलावे. एक पाय दुखत असल्यास काठी दुसऱ्या, म्हणजे चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. बहुतेक जण उलट धरतात.

दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र अशी साधने देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ६५ वर्षांवरील गरजूंसाठी साधने घेण्यास एकरकमी ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. या योजनांचे चालू नियम व शिबिरांच्या तारखा ग्रामपंचायतीत किंवा समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्याव्यात. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी क्रमांकही आहे.

पडल्यावर काय करावे?

इतके करूनही कोणी पडलेच तर घाईने ओढून उभे करू नये. आधी कोठे दुखते ते विचारावे. जांघेत किंवा कुल्ह्यात दुखत असेल, पाय आखूड झालेला आणि बाहेर वळलेला दिसत असेल, पायावर भार देता येत नसेल, तर खुब्याचे हाड मोडले आहे असे धरून चालावे. मालीश करू नये, पाय ओढू नये, चालवून पाहू नये. दोन पायांत उशी ठेवून पाय सैलसर एकत्र बांधावेत, बाजेवर किंवा फळीवर निजवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत व्हावी. जितका उशीर, तितका फुप्फुसाचा संसर्ग आणि अंथरुणातील जखमा यांचा धोका वाढतो. आमच्या घरी नऊ दिवस गेले, हे मी सांगितलेच आहे.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर काही वाटत नसले तरी दवाखान्यात न्यावे. पडल्यानंतर काही आठवड्यांनीसुद्धा डोकेदुखी, सुस्ती, उलटी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर लगेच तपासून घ्यावे.

काही लागलेले नसेल तर स्वतः उठण्याची रीत अशी : कुशीवर वळावे, हात व गुडघे टेकून रांगत खुर्ची किंवा बाजेपर्यंत जावे, त्यावर दोन्ही हात ठेवावेत, बळकट पाय पुढे घेऊन तळवा टेकवावा आणि हातांवर जोर देऊन उठून बसावे. ही रीत पडण्यापूर्वीच घरच्यांच्या देखत दोन-तीनदा करून पाहावी.

शेवटी

बंधू-भगिनींनो, सांगितलेले सर्व एका दिवसात होणार नाही. मशागतीसारखे टप्प्याटप्प्याने करावे. या आठवड्यात रात्रीचा दिवा आणि मोरीची फरशी, या महिन्यात डोळ्यांची तपासणी आणि औषधांची पिशवी, पुढच्या हंगामापूर्वी उंबरठा, कठडा आणि संडासातील दांडा. व्यायाम मात्र उद्या सकाळपासून.

आणि आज रात्री जेवताना घरातील वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारा : "या वर्षात तुम्ही कधी पडलात का?" विचारून गप्प बसा आणि ते काय सांगतात ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. मी माझ्या आईला हा प्रश्न वेळेवर विचारला नाही. तुम्ही विचारावा, एवढीच विनंती करून मी माझे व्याख्यान संपविते.